कडब्याचं बिल

इतिहासाचा नाद दोन प्रकारच्या माणसांना लागतो. पहिल्यांना त्याचा पगार मिळतो आणि दुसऱ्यांना घरात कुणी काही विचारत नाही. आमचं अकलूजचं मंडळ दुसऱ्या प्रकारातलं. 'मंडळ' हा शब्दसुद्धा जरा सैलच वापरतोय. पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली निघालं, त्याला इमारत आहे, घटना आहे, दप्तरं आहेत. आमचं मंडळ सरांच्या ओट्यावर भरायचं, त्याची सभासदसंख्या चार होती आणि घटनेत एकच कलम होतं : आतून चहा आला की ज्याचं वाक्य अर्धं राहिलं असेल त्यानं ते तसंच ठेवायचं.

सोमवारी अकलूजचा बाजार. बाजार उरकला की पिशव्या ओट्याखाली ठेवून आम्ही वर बसायचो. सर म्हणजे इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. तात्या म्हणजे शेतकरी. चार एकर ऊस, थोडी ज्वारी, दोन खिलार बैल आणि एक तक्रार (तिच्याबद्दल पुढे). तिसरे मामा. ते कुणाचे मामा, हे गावाला माहीत नाही, पण घोड्यांतलं त्यांना जे कळत नाही ते घोड्यालाही कळत नसेल. आणि चौथा मी, बँकेतला कारकून. पुस्तक हातात आलं की आधी मागच्या पानावरची बेरीज शोधायची, ही माझी वाचनाची सवय.

सुरुवात सरांच्या वडिलांच्या ट्रंकेपासून झाली. वडील जुन्या मॅट्रिकच्या काळातले. त्या काळी आपल्याकडच्या मुलांना इंग्लंडचा इतिहास पाठ करावा लागे. नीरा कुठं उगवते हे न आलं तरी चालायचं, पण आठव्या हेन्रीच्या सहा बायका क्रमानं याव्या लागायच्या. ट्रंकेत तसली सात-आठ पुस्तकं निघाली. एकाचं मुखपृष्ठ कसरीनं खाल्लेलं, एकाची शेवटची चाळीस पानं गायब. त्यामुळे आमच्या मंडळात पहिल्या चार्ल्सचं डोकं बरेच दिवस धडावरच होतं. पण गोडी लागली. तात्यांना त्या सहा बायकांचं फार कौतुक. "दोन तोडल्या, दोन सोडल्या, एक बाळंतपणात गेली आन् एक उरली," असा त्यांनी हिशोब मांडला होता आणि तो बरोबर होता. मी तपासलाय.

मग एके दिवशी सरांनी कुठूनसा सोलापूर जिल्ह्याचा जुना गॅझेटियर आणला. कॅम्बेलसाहेबाच्या देखरेखीखाली तयार झालेला, १८८४चा, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला विसावा खंड. वजन अंदाजे एका कोंबडीइतकं. त्यात अकलूज सापडलं! छापील इंग्रजीत आपल्या गावाचं नाव पाहिलं की माणसाला लग्नपत्रिकेत आपलं नाव पाहिल्यासारखं होतं. आम्ही चौघांनी आळीपाळीनं त्या ओळीवर बोट ठेवलं. आणि तिथंच कळलं की १८०३ साली जनरल वेलस्ली, दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसवायला पुण्याकडे निघालेला, वाटेत अकलूजला थांबला होता.

"हा वेलस्ली कोण?" मामा.

"हाच पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला," सर म्हणाले. "१८१५ साली वॉटर्लूला यानंच नेपोलियनला हरवलं. पुढं इंग्लंडचा पंतप्रधान झाला."

ओट्यावर शांतता पसरली. नेपोलियनला हरवणारा माणूस आमच्या नीरेच्या काठी झोपला होता! तेव्हा त्याला चौतिसावं पुरं व्हायला पंधरा-सोळा दिवस होते. अकलूजला मोठी माणसं नवीन नाहीत. १६८९च्या आरंभी औरंगजेबाची छावणी इथंच होती आणि संभाजीराजांना पकडल्याची बातमी त्याला इथं मिळाली. त्यानं गावाचं नाव 'असदनगर' ठेवलं होतं. गावानं ते मनावर घेतलं नाही. इंग्रजांनी फर्मान काढलं नाही, नुसतं स्पेलिंग बदललं : अक्लूस. गावानं तेही मनावर घेतलं नाही.

या सगळ्यात तात्या मात्र गप्प होते. कपातला चहा बशीत ओतून त्यांनी तो पुन्हा कपात ओतला. मग म्हणाले, "म्हंजी त्यो ह्योच."

"कोण?"

"आमची गंज न्हेणारा."

आता ती तक्रार. तात्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट चालत आली होती. तात्यांना ती आजीनं सांगितली, आजीला तिच्या सासूनं, सासूला आणखी कुणी. गोष्ट अशी की, फार पूर्वी गोऱ्यांचं लष्कर नदीवर उतरलं आणि त्यांनी घराची कडब्याची अख्खी गंज नेली. दमडी दिली नाही. तेव्हापासून त्यांच्यात कडब्याची गंज वाटेच्या बाजूला रचत नाहीत, घरामागं रचतात. सोयीची अजिबात नाही. गाडी मागं न्यायला चिंचेच्या झाडाला वळसा घालावा लागतो. तात्यांच्या मुलानं एकदा ती पुढं रचायचं काढलं, तर तात्या दोन दिवस जेवले नाहीत. गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक. पोरंसोरं त्यांना 'बिलवाले तात्या' म्हणायची. मुलगा म्हणायचा, "साहेबाचं बिल राहू द्या, आधी डेअरीतनं दुधाचं आणा."

झालं! आमच्या मंडळाला कार्य मिळालं. वेलिंग्टनची पत्रं छापून प्रसिद्ध झालेली आहेत. गुरवुड नावाच्या लेफ्टनंट कर्नलनं ती १८३४ पासून खंडाखंडांत काढली आणि सुरुवातीचे खंड हिंदुस्थानातल्या मोहिमांचे आहेत. तेवढे मिळवायचे आणि त्यात कडब्याची नोंद शोधायची. पैसे दिले की नाही, तो निकाल लागेल.

हे बोलायला सोपं. पुण्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मी बँकेच्या कामाला गेलो की डोकवायचो. "वेलिंग्टनची पत्रं आहेत का?" म्हटलं की दुकानदार चष्म्यावरून पाहायचा आणि 'दहावीचं अपेक्षित' पुढं करायचा. एकदा ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासाचा एक सुटा खंड मिळाला. पुस्तक १८२६चं; आमचा खंड अर्थात नंतरच्या आवृत्तीतला, पाठीला डिंक आणि शर्टाचं अस्तर लावलेला. तो आम्ही दोन वर्षं वाचला. सर वाचायचे, अडलं की वीरकरांची डिक्शनरी मी उघडायचो, आणि तात्या दर पानाला विचारायचे, "आलं का?" डफवर नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी कॉलेजात असताना १८६७ साली टीका लिहिली होती, हे सरांनी सांगितलं तेव्हा तात्या खूश झाले. "साहेबाच्या पुस्तकात चूक काढता येती म्हणा की!" त्यानंतर ते डफला सरळ नावानंच हाक मारायला लागले.

मधल्या काळात सर आणि तात्या यांच्यात दोन तट पडले. सरांचं म्हणणं, वेलस्ली लुटीच्या बाबतीत फार कडक. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर सैनिक लुटीला लागले, तेव्हा त्यानं चौघांना फासावर लटकवून शहर शांत केलं. असा माणूस कडब्याचे पैसे बुडवील?

"मग पावती दाखवा," तात्या म्हणायचे.

या एका वाक्यापुढं सरांची चौतीस वर्षांची नोकरी गप्प बसायची.

मामांना या वादात रस नव्हता. त्यांना घोडे हवे होते. १८०३च्या सप्टेंबरात असईच्या लढाईत वेलस्लीचा एक घोडा गोळी लागून पडला आणि डायोमेड नावाचा दुसरा भाल्यानं जखमी झाला, हे ऐकून ते हळहळले. वॉटर्लूचा घोडा कोपनहेगन. तो १८३६ साली म्हातारा होऊन मेला तेव्हा त्याला लष्करी इतमामानं पुरलं, हे वाचल्यावर मामा बराच वेळ डोळे मिटून बसले. "आपल्याकडं तलाठ्यालासुद्धा एवढं न्हाई," म्हणाले.

माझंही एक संशोधन आहे. एका पुस्तकात घोड्याला रोज अमुक शेर 'ग्रॅम' असं यायचं. शेर आणि ग्रॅम एकत्र कसे, म्हणून मी एक आख्खी दुपार रूपांतराचं कोष्टक केलं. तेव्हा सरांनी सांगितलं, जुन्या साहेबी इंग्रजीत ग्रॅम म्हणजे हरभरा. ते कोष्टक अजून माझ्याकडे आहे. कुणाला हवं असल्यास द्यायला तयार आहे.

२००३ साली दोनशे वर्षं पुरी झाली. १५ एप्रिलला नदीवर जमायचं ठरलं. द्विशताब्दी म्हणायची की काय, यावर मतभेद झाले. पाहुणा बोलावल्याशिवाय आला होता, तेव्हा हार-नारळ नको, नुसती भजी, असं ठरलं. आदल्या वर्षी पावसानं दगा दिलेला, नदीला पाणी जेमतेम. अकलाईच्या देवळाच्या अलीकडे आम्ही बसलो. सरांनी हातानं हवेत नकाशा काढला : वेलस्ली मार्चमध्ये हरिहरहून निघालेला, मिरजेवरून इथवर आलेला, दहा हजारांच्या आसपास फौज, हजारो बैल. हैदराबादकडची फौज घेऊन कर्नल स्टीव्हन्सन इथं त्याला मिळाला. मग पुणं जाळायचा अमृतरावाचा बेत आहे अशी खबर आली, तेव्हा शेवटचे साठ मैल घोडदळानं बत्तीस तासांत तोडले आणि २० एप्रिलला साहेब पुण्यात.

"बैल कुठले?" तात्यांनी विचारलं.

"म्हैसूरकडचे. अमृतमहाल जातीचे. टिपू-हैदरच्या खिल्लारातले."

आपल्या खिलारचं कूळही म्हैसूरकडच्या हळ्ळीकर बैलांशी जोडतात, हे तात्यांना माहीत होतं. ते जरा नरमले. "म्हंजी गंज खाल्ली ती पाव्हण्यांनीच म्हणायची." पण लगेच सावरले. "तरी पैसं द्यायचं हुतं."

मी खिशातून कागद काढला. बिल तयार केलं होतं. गंजीची किंमत त्या वेळचे दहा रुपये धरली; सहा टक्के चक्रवाढ, दोनशे वर्षं; साडेअकरा लाखांच्या वर रक्कम झाली. तात्यांनी आकडा तीनदा म्हणून पाहिला. त्या उन्हाळ्यात कडबा एवढा महागला होता की साडेअकरा लाखांत चार गंजी येतील की पाच, एवढंच त्यांना वाटलं असावं. सर म्हणाले, "अहो, दामदुपटीचा नियम आहे. व्याज मुद्दलाच्या वर जात नाही. वीस रुपये होतात."

"दामदुपट ऋणको हिंदू असेल तरच," मी म्हणालो. नोकरीत एवढं तर शिकलो होतो. भजी संपेपर्यंत वाद चालला. साहेब हिंदू नव्हता यावर शेवटी एकमत झालं.

यानंतर पाच-सहा वर्षांनी सरांची नात पुण्याहून सुट्टीला आली. "आजोबा, कुठलं पुस्तक शोधता तुम्ही?" म्हणाली. सरांनी सांगितलं. तिनं मांडीवरच्या कॉम्प्युटरवर काहीतरी टिकटिक केली आणि म्हणाली, "हे का?"

ज्या पुस्तकापायी मी पुण्यातल्या सगळ्या दुकानदारांच्या मनातून उतरलो होतो, ते परदेशातल्या कुठल्याशा ग्रंथालयानं पानन्‌पान फोटो काढून जगाला फुकट वाटलं होतं. सरांना आनंद व्हायला हवा होता. ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एप्रिल १८०३ची पानं छापून त्यांनी गठ्ठा बांधला आणि एकटेच वाचायला बसले. पत्राच्या शिरोभागी गावाचं नाव होतं. अक्लूस.

सोमवारी ओट्यावर गेलो तर सर म्हणाले, "अजून वाचतोय." पुढच्या सोमवारी तेच. तिसऱ्या सोमवारी त्यांनी मला लवकर बोलावलं, आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. उशीखालून एक कागद काढला.

त्याच मोहिमेतलं एक पत्र होतं. होळकरांच्या फौजा साहेबाच्या आधी मुलुखातून फिरून गेल्या होत्या. १८०२च्या दिवाळीत हडपसरला लढाई झाली, पेशवा वसईला पळाला, तिथं ३१ डिसेंबरला त्यानं तह केला. पण इकडं महिनोन्‌महिने हजारो घोडी मोकळी सुटलेली होती. साहेब लिहीत होता त्याचा मतलब असा, की पुण्याच्या भोवती दीडशे मैलांत काही उरलेलं नाही. धान्य नाही, वैरण नाही. लोकांची घरं सरपणासाठी मोडलीत, आणि लोक गुरंढोरं घेऊन गावोगाव पळताहेत.

मी वाचून खाली ठेवलं.

"वैरण नव्हतीच," सर हळू म्हणाले. "साहेब यायच्या आधीच संपलेली. गंज गोऱ्यांनी नेलीच नसणार. तात्यांना कसं सांगू?"

मी काय सांगणार? तात्यांचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढं. पायाला सूज, डोळ्यांत मोतीबिंदू. आजीच्या शब्दासाठी जन्मभर गावाची थट्टा सोसलेली. आता त्यांना सांगायचं की तात्या, तुमची आजी चुकली, आणि तेही साहेबाच्या पुस्तकातून! "फाईल उघडेना म्हणून सांगा," मी सुचवलं. बँकेत असलं सुचतं. सरांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मला माझी नववीतली इंग्रजीची वही आठवली.

बाहेर आलो तर तात्या आणि मामा येऊन बसले होते. तात्या म्हणाले, "आलं न्हवं? सरांच्या तोंडावर दिसतंय. वाचा."

सरांनी वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत. आवाज शाळेतलाच, फक्त खालचा. वैरण नव्हती, या वाक्यावर ते अडखळले, पण गाळलं नाही. वाचून झाल्यावर चष्मा काढून पुसत बसले.

मामांनी, त्यांच्या परीनं, वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. "मग आता बिल इंदूरला लावायचं का?"

तात्या हसले नाहीत. म्हणाले, "त्ये शेवटचं पुन्ना वाचा. मान्सं पळाल्याचं."

सरांनी पुन्हा वाचलं.

"गुरं घिऊन?"

"हो. गुरं घेऊन, या गावातनं त्या गावात."

"साहेबानं स्वता लिवलंय?"

"स्वतः."

तात्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "आजी म्हणायची, गंज गेली तवा घरात कुनीच न्हवतं. समदी गुरं घिऊन डोंगराकडं गेलेली. आल्यावर बघत्यात तर गंज न्हाई, आन् नदीवर गोऱ्यांचं तंबू. मी बारका हुतो, मी आजीला म्हणायचो, कुनी न्हवतं तर गोऱ्यांनी न्हेली ह्ये बघितलं कुनी? ती म्हणायची, तू लई श्याना. तवापासनं मला वाटायचं, ही घरात कुनी न्हवतं म्हंती ती थाप हाय. घरचं वाटंवर टाकून कोन जाईल?" ते थांबले. "गेलं हुतं की. आमी हाय की त्यात."

सर काही बोलायला गेले. एवढ्यात चहा आला आणि घटनेप्रमाणे वाक्य राहिलं.

चहा झाल्यावर तात्या म्हणाले, "नावं हायत का हो पळालेल्यांची?"

"नावं नाहीत, तात्या. फौजेतल्या कप्तानांची आहेत. बैलांचेही आकडे आहेत. लोकांचं एवढंच."

"असूं दे," तात्या म्हणाले. काठी टेकून उठले. "चला घराकडं. बसून बसून अंग आकडलं."

आम्ही चौघं निघालो. वाटेत एक पोरगा उसाला पाणी द्यायला गमबूट घालून चालला होता. त्या बुटाला मुळात वेलिंग्टन म्हणतात, हे सरांना सांगायचं होतं, पण त्यांनी नाही सांगितलं. तात्यांच्या दारात खिलार उभे होते. गंज मागं होती, चिंचेला वळसा घालून, नेहमीच्या जागी. नुकतीच रचलेली, पिवळीधमक. तात्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि मामांकडं वळून म्हणाले, "मामा, तुमच्या घोडीला कडबा न्हाई म्हणत हुता न्हवं? दहा पेंढ्या घिऊन जावा."

मामांना गहिवरून आलं.

"पैसं देऊन," तात्या म्हणाले.

मामांनी कोपरीच्या खिशात हात घातला, चाचपला, तीस रुपये काढले, दहा उधार ठेवले. तात्यांनी नोटा मोजल्या आणि माझ्याकडं पाहिलं. "बँकवालं, पावती लिवा."

कागद नव्हता. माझ्या खिशात साडेअकरा लाखांचं ते जुनं बिल होतं. पाठीमागची बाजू कोरी होती. मांडीवर धरून मी लिहायला लागलो : तारीख, वार सोमवार, मुक्काम अकलूज, तालुका माळशिरस, जिल्हा सोलापूर, कडबा पेंढ्या दहा, जमा रुपये तीस, येणे रुपये दहा.

"नावं घाला," तात्या म्हणाले. "बापाच्या नावासकट घाला."

मी घातली. मामांचं वडिलांचं नाव मंडळाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.